‘न’चा खण

गेल्या वर्षी माझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिची फसवणूक केली. तिला जी कारणं सांगितली ती सगळी खरी होती. फक्त ती माझी कारणं नव्हती.

साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. पिशव्या, खोकी, बाटल्या यांच्यावर जो मजकूर असतो तो आम्ही मराठी, हिंदी आणि गुजरातीत लिहून, तपासून देतो. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं आहे की माझ्या हातून स्वाक्षरीऐवजी तेच निघेल. तिथे मी तरुणपणी नोकरीला लागलो. मालक थकले तेव्हा त्यांनी गाळा माझ्या हाती दिला आणि मी थकलो तेव्हा तो मुलीकडे गेला. आता मी मुलुंडला घरी असतो आणि आठवड्यातून दोनदा सवय म्हणून जातो. खुर्ची अजून ठेवली आहे.

प्रश्न असा होता. गिऱ्हाईकं आता तीन भाषांतला मजकूर दोन दिवसांत मागतात. एआयशिवाय ते जमणार नाही, हे तिचं ठरलं होतं. कसं करायचं ते ठरत नव्हतं. एक तयार यंत्रणा विकत मिळत होती. इंग्रजी मजकूर एका बाजूने घालायचा, तीन भाषांतले मसुदे दुसऱ्या बाजूने बाहेर, मग तपासणी, मग गिऱ्हाइकाची मंजुरी, सगळं एकाच पडद्यावर. दुसरा रस्ता म्हणजे एक प्रोग्रामर ठेवून आपल्या कामाच्या पद्धतीप्रमाणे स्वतःची यंत्रणा उभी करायची.

“बाबा, रेडीमेड घ्यायचं की शिवून घ्यायचं? तू सांग.”

“रेडीमेड,” मी म्हणालो. तिने पाणी प्यायला ग्लास उचलला होता, तो टेबलावर परत ठेवायच्या आत.

“अरे, विचार तरी कर!”

मग मी कारणं दिली. शिवायला सहा महिने जातील, गिऱ्हाईक सहा दिवस थांबत नाही. तुझा प्रोग्रामर उद्या दुसरीकडे गेला तर त्याने काय शिवलंय ते कोण उसवून बघणार? तयार माल सोमवारी सुरू होतो. मुलगी ऐकत होती आणि मान हलवत होती. शेवटी ती म्हणाली, “ते सगळं बरोबर. पण तीच यंत्रणा समोरच्या गाळ्यातला पण घेईल ना. मग आपल्याकडे वेगळं काय राहिलं? आपल्याकडे वेगळी फक्त कार्डं आहेत.”

मला नेमकी हीच भीती होती.

कार्डांचं सांगायचं तर मास्तरांचं सांगायला हवं. मी गाळ्यात आलो तेव्हा मास्तर तिथे मुद्रितं तपासत. आतल्या जिल्ह्यातून आलेले, आधी काही वर्षं शाळेत शिकवलेलं म्हणून मास्तर. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. मी गिरणी कामगाराचा मुलगा, कोकणातला म्हणायचा, पण गाव बघितलं ते मे महिन्यापुरतं. मला शुद्धलेखन चांगलं येत होतं आणि त्याचा ताठा होता. मास्तर मला ‘नियमावली’ म्हणत.

“ये नियमावली, बस. वाचू.”

आम्ही दोघं मिळून तपासायचो. हल्ली कोणी करत नाही. मूळ कागद हातात धरून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. नुसते शब्द नाहीत, सगळं वाचायचं. “वापरण्यापूर्वी, पू दीर्घ, बाटली चांगली हलवावी, पूर्णविराम.” मास्तरांचा आवाज वर्गातला होता. साकीनाक्यावरून विमानं इतकी खालून जात की खिडकीच्या काचा थरथरत. विमान आलं की मास्तर वाक्याच्या मधोमध थांबत, बोट त्या अक्षरावर तसंच, आणि आवाज विरला की नेमके तिथूनच पुढे. मालक म्हणायचे, मास्तर बोलायचे थांबले की समजायचं विमान आलं.

मास्तर लाल शाईने तपासत, मी हिरव्या. कोणी काय बदललं ते दिसावं म्हणून ही पद्धत मास्तरांचीच. दुपारी डबे उघडायचे तेव्हा त्यांची ज्वारीची भाकरी आणि खर्डा माझ्याकडे यायचा, माझी सुकट त्यांच्याकडे जायची. खर्ड्याने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते म्हणायचे, “रड, रड. ऱ्हस्व-दीर्घाने कधी रडला नाहीस, मिरचीनं रड.” चौदा एप्रिलला ते जयंतीचे पेढे आणत आणि गाळ्यात सगळ्यांना स्वतः वाटत. काही जण घेत आणि ड्रॉवरमध्ये ठेवत. मी खायचो. हे मी माझा मोठेपणा म्हणून लिहीत नाही. पुढे मी जे केलं त्याच्यापुढे त्या पेढ्यांची काही किंमत राहिली नाही.

खोक्यांच्या कारखान्यातून पुठ्ठ्याच्या कापट्या यायच्या, एका बाजूला चहाची किंवा साबणाची छपाई, दुसरी बाजू कोरी. मास्तरांनी त्या एका मापाच्या कापून घेतल्या आणि कार्डं करायला सुरुवात केली. जिथे चूक झाली किंवा गोंधळ झाला तो शब्द वर, खाली अर्थ, मग तो कुठल्या मालावर आला, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘चूक कोणाची’. तिच्यापुढे ‘जुळाऱ्याची’ (म्हणजे मजकूर जुळवणाऱ्याची), ‘भाषांतराची’, ‘गिऱ्हाइकाची’. स्वतःची असली की ‘माझी’, आणि ती कार्डं काही कमी नव्हती. लागेल तिथे मुद्रिताचा तुकडा टाचणीने लावलेला. एका सुताराकडून त्यांनी अक्षरवार खणांचं कपाट करून घेतलं. अ, आ, इ पासून ह पर्यंत.

मी एकदा विचारलं, “मास्तर, चूक कोणाची ते कशाला लिहायचं? शिक्षा द्यायचीय का?”

“शिक्षा नाही रे. चूक कुठून आत येते ते दार कळायला नको?”

आता ती पिशवी. पस्तीसेक वर्षं झाली असतील. घाटकोपरच्या एका गिऱ्हाइकाने झटपट खरवसाचं मिश्रण बाजारात आणायचं ठरवलं होतं. चिकाच्या दुधाची पूड, साखर, वेलची. त्यात न तापवलेलंच दूध घालायला लागायचं. गरम घातलं तर गुठळ्या होत. मास्तरांनी मजकूर लिहिला: ‘हे मिश्रण दोन वाट्या निरशा दुधात कालवावे व वाफेवर शिजवावे.’ निरसं दूध म्हणजे कच्चं, तापवायच्या आधीचं. त्यांच्या गावात रोजचा शब्द. माझ्या घरी दूध केंद्रावरून बाटलीत यायचं आणि आल्याबरोबर गॅसवर चढायचं. तो शब्द मी ऐकलेला नव्हता.

आम्ही दोघांनी वाचून ते मुद्रित तपासलं होतं. पण वाचताना माझ्या कानावरून तो शब्द नुसता गेला. मास्तरांनी ‘तपासले’ म्हणून खाली सही केली आणि ते दोन दिवसांसाठी गावी लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी छपाईला पाठवायच्या आधी मी एकटाच शेवटची नजर फिरवायला बसलो. पाच पिशव्यांचा मजकूर समोर होता, खाली टेम्पो उभा होता. मी शब्द बघत होतो, वाक्य वाचत नव्हतो. ‘निरशा’ दिसलं. काना राहिलाय, असं वाटलं. हिरव्या पेनाने ‘र’ला काना दिला आणि कागद पुढे सरकवला. मास्तरांच्या नजरेतून सुटलेली चूक मी पकडली याचा मला आनंदही झाला होता. तो आनंद मला स्पष्ट आठवतो.

‘हे मिश्रण दोन वाट्या निराशा दुधात कालवावे.’

छापणाऱ्यांना मराठी वाचायचं कारण नव्हतं. पिशव्या दुकानांत गेल्या. मग बायका दुकानदाराला विचारू लागल्या, अहो, निराशा घरची चालेल की विकत घ्यायची? घाटकोपर ते मुलुंड हा विनोद फिरला. गिऱ्हाईक मालकांच्या टेबलावर पिशवी आपटून गेलं.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तर तोवर गावाहून आले होते. त्यांनी मुद्रितांची फाईल उघडून बघितली होती हे मला माहीत होतं, कारण मी तेव्हा त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी तो कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि कागद वळवून ठेवला. बोलले काही नाहीत. मीही बोललो नाही.

“सही तुमची आहे मास्तर,” मालक म्हणाले. “हा असला गावठी शब्द आणला तुम्हीच. चूक कोणाची आहे?”

मास्तर क्षणभर थांबले. मला वाटलं विमान आलं. विमान नव्हतं.

“आपली,” ते म्हणाले.

आमच्या भाषेत ‘आपली’ म्हणजे समोरच्याला धरून सगळ्यांची. मास्तर व्याकरणाचे पक्के होते, त्यांनी तो शब्द त्याच अर्थाने वापरला. पण मुंबईत ‘आपली चूक झाली’ म्हणजे माझी चूक झाली, माफ करा. मालकांनी तो अर्थ घेतला. गाळ्याने तो अर्थ घेतला. मला दोन्ही अर्थ समजत होते आणि तिथे उभं राहून मी सोयीचा घेतला. पुढची पस्तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की त्यांनी स्वतःच कबूल केलं, आता मी काय करणार.

मालक नंतर आम्हा बाकीच्यांना म्हणाले, “यांच्याकडून शुद्ध मराठीची अपेक्षा करणं हीच माझी चूक.” ‘यांच्या’ म्हणजे कोणाच्या हे सगळ्यांना कळलं. कोणी हरकत घेतली नाही. चूक मास्तरांच्या नावावर इतकी पटकन बसली कारण बसायला जागा आधीच करून ठेवलेली होती. मी त्या जागेचा फायदा घेतला. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आता तीही नाही.

मास्तरांना तपासणीवरून काढून खालच्या मजल्यावर पाठवणीच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायला बसवलं. वर्षभर त्यांनी ते काम केलं. चिठ्ठ्यासुद्धा सरळ रेषेत लावायचे. मग सोडून गेले आणि जोगेश्वरीला घरीच मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. त्यांची खुर्ची मला मिळाली. कपाट तिथेच राहिलं. मी रोज कार्डं वापरायचो. नवी गिऱ्हाईकं आली की मालक मला पुढे करून सांगत, यांची कार्डांची पद्धत बघा. पहिल्यांदा मी म्हणालो, मास्तरांची आहे. दुसऱ्यांदा हसलो. तिसऱ्यांदा खण उघडून दाखवला. ‘न’चा खण मात्र मी कधी उघडला नाही. नकाराने सुरू होणारे किती शब्द असतात, ‘नये’ असतं, ‘नको’ असतं, पण मी ते दुसऱ्या कोणाकडून बघून घ्यायचो. तो हिरवा काना मास्तरांनी तिथेच लावून ठेवला असणार, याची मला खात्री होती.

पाच-सहा वर्षांपूर्वी मास्तर वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

गाळ्यात मागे एक वाक्प्रचार उरला. कोणाची काही चूक सापडली की म्हणायचं, “झाली मास्तरांची निराशा!” ज्यांनी मास्तरांना बघितलंही नाही तीही मुलं म्हणत. माझी मुलगी म्हणत असे. ती गोष्ट तिने मजकुरासकट गाळ्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकली होती. मी सांगितली नव्हती, पण ती म्हणताना मी कधी थांबवलंही नाही.

तर तयार यंत्रणा विकायला एक तरतरीत तरुण आला. लॅपटॉप उघडून म्हणाला, “काका, कुठलाही टेक्स्ट द्या. बिनधास्त द्या.”

मुलीच्या डोळ्यांत खट्याळपणा दिसला तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिने टाईप केलं: हे मिश्रण दोन वाट्या निरशा दुधात कालवावे. यंत्रणेने क्षणात इंग्रजी केलं, हिंदी केलं, गुजराती केलं. मग शुद्धलेखनाच्या टप्प्यावर ‘निरशा’खाली लाल रेघ उमटली आणि आपोआप सुधारणा झाली. निराशा.

मुलगी टेबलावर हात आपटून हसली. “बाबा, बघ ना! सेम! मास्तरांसारखंच केलं यानं!”

तरुण गोंधळून म्हणाला, “नाही मॅडम, हे शिकतं हळूहळू. तुम्ही फीडबॅक दिला की—”

“तुझी चूक नाही रे. आमच्याकडे एक मास्तर होते, त्यांनी पण हाच काना घातला होता. पूर्ण वाट लागली होती म्हणतात.”

मी उठून खिडकीशी गेलो. यंत्रणा शब्द बघत होती, वाक्य वाचत नव्हती. तिला कोणी दोष देत नव्हतं, शिकेल म्हणत होते. आणि दोष होता तिथेच होता, एका अशा माणसाच्या नावावर ज्याने पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिलं होतं.

त्या एका शब्दावरून मुलीचं ठरलं. मसुदे करणारं मूळ इंजिन विकत घ्यायचं, ते आपल्याला बांधता येणार नाही. पण शब्दांची आणि तपासणीची बाजू आपली आपण शिवायची, आणि तिच्यासाठी सगळी कार्डं स्कॅन करायची. मी परत रेडीमेडचा मुद्दा काढला. कार्डं जुनी झाली, पुठ्ठा कुसला, अर्धे शब्द आता कोणी वापरत नाही, असं मी म्हणालो. “तुझीच कार्डं आहेत आणि तूच नको म्हणतोस? कमाल आहे बाबा.”

दोन मुली स्कॅनिंगला बसल्या. अक्षरवार. मुलगी घरी येऊन सांगायची, आज ‘क’ संपलं. आज ‘ग’. किती भारी कार्डं आहेत म्हणायची. ‘च’ला चार दिवस गेले, चवीचे शब्द फार. ‘त’ सुरू झालं तेव्हा माझी झोप गेली. या वयात माणूस कशाचे दिवस मोजत असेल? मी वर्णमाला मोजत होतो. थ, द, ध.

‘द’ चालू असताना एका रविवारी सकाळी मी किल्ली घेऊन रिक्षाने साकीनाक्याला गेलो. रविवारी तिथे रस्ता ओळखू येत नाही, वरून मेट्रो तेवढी जाते. गाळा उघडला. कपाटासमोर उभा राहिलो. खण अडकला होता, हिसका द्यावा लागला.

निरसा. कार्ड मिळायला वेळ लागला नाही, टाचणीला गंज चढून पुठ्ठ्यावर तपकिरी डाग पडला होता. मागच्या बाजूला चहाच्या खोक्याची अर्धी किटली. मुद्रिताचा तुकडा तिथे होता आणि त्याच्यावर काना, अजून हिरवा. मी तो खिशात घालायला आलो होतो, हेही लिहून टाकतो. खिशात घातलाही. मग कार्ड वाचलं.

‘निरसा (दूध): न तापवलेले, कच्चे. शहरात हा शब्द कमी माहीत. पुढे कंसात ‘कच्चे’ लिहावे. तपासणाऱ्याने वाक्य पूर्ण वाचावे.’ आणि खाली: ‘चूक कोणाची: आपली.’

त्यांनी माझं नाव लिहिलं नव्हतं. ‘तपासणाऱ्याची’ असंही लिहिलं नव्हतं. शब्द न समजेल असा वापरला ही त्यांनी स्वतःची बाजू धरली होती आणि मला सोबत घेतलं होतं. मालकांसमोर ते जे म्हणाले तेच त्यांनी इथे लिहिलं होतं, जिथे मालक कधी बघणार नव्हते. वरून विमान गेलं. मी हातात कार्ड धरून आवाज विरेपर्यंत थांबलो, त्या जागी ते थांबत तसाच.

तुकडा खिशातून काढून टाचणीला परत लावला, पण कार्ड घेऊन घरी आलो. जेवायला बसलो तेव्हा ते मुलीच्या ताटाशेजारी ठेवलं आणि सांगितलं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत गुडघ्याचं काहीतरी काढलं असतं.

तिने कार्ड वाचलं, काना बघितला. हिरवी शाई कोणाची ते तिला सांगावं लागलं नाही, तिचे शाळेतले निबंध मी त्याच शाईने तपासायचो.

“म्हणून तू रेडीमेड, रेडीमेड करत होतास.”

“हो.”

“आणि मी सगळ्यांना हसून सांगत होते. त्या सेल्सवाल्यालासुद्धा सांगितलं. तू तिथे उभा होतास बाबा!”

“होतो.”

“मला तरी थांबवायचं ना रे.” तिने ताट सरकवलं. कार्ड परत उचलून म्हणाली, “मग ती कार्डं आपली नाहीतच. आपण त्यांच्यावर मशीन बांधतोय आणि विचारलं कोणाला?”

स्कॅनिंग थांबलं. ‘ध’ अर्धं राहिलं.

जोगेश्वरीला मास्तरांच्या पत्नी एकट्या राहतात, मुलगा जवळच असतो. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. पुनर्विकासाच्या इमारतीत सातवा मजला. त्यांनी मला दारात ओळखलं नाही. “नियमावली,” मी म्हणालो. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि माझ्या मनात आलं, आत्ता परत फिरावं.

“अगं बाई, किती वाळलात तुम्ही! या, बसा. ही मुलगी? बापावर गेली नाही, बरं झालं.”

मुलगी हसली. मी बसलो आणि सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. त्यांनी मधे फक्त पदर नीट केला.

“म्हणजे त्यांची नव्हती?” त्यांनी विचारलं.

“नाही वहिनी. माझी होती.”

“त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, आपली चूक झाली. मी समजले, यांचीच. मी त्यांना बोलले हो. म्हटलं, एवढं शिकून एक काना कळला नाही तुम्हाला? चांगली बसून लिहायची नोकरी होती.” त्या खिडकीकडे बघत होत्या. “नुसते हसले. शेवटपर्यंत दूध नासलं की मी म्हणायची, झाली निराशा. ते पण हसायचे.”

मी फक्त गाळ्याचाच विचार केला होता. या घरात तो काना इतकी वर्षं रोज दुधाबरोबर नासत होता हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. क्षमा मागितली. त्यांनी ‘केली’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही.

मुलीने मग कार्डांचं विचारलं. वापरायची की नाही ते तुम्ही सांगा, वापरली तर यंत्रणेत जो कोणी शब्द बघेल त्याला मास्तरांचं नाव दिसेल, आणि लेखी करार करू. वहिनी म्हणाल्या, ते मुलाशी बोला, त्याला कळतं. मग कार्ड मागून घेतलं, लांब धरून वाचलं.

मी पेन काढलं. “इथे ‘आपली’ आहे. ते खोडून ‘माझी’ करतो.”

“खोडू नका,” त्या एकदम म्हणाल्या. “त्यांचं अक्षर आहे. तुम्ही खाली लिहा तुमचं. आणि नुसतं इथे नको. मला तोंडानं सांगितलंत, ते ऐकलं मी. ते कागदाचे माणूस होते. कुठेतरी पूर्ण लिहा, चार लोक वाचतील असं.”

म्हणून हे लिहिलं. कार्डावर जागा थोडीच होती. तिथेच त्यांच्या टेबलावर मी हिरव्या शाईने लिहिलं: ‘काना मी दिला. मास्तरांचे मुद्रित बरोबर होते.’ खाली सही केली. वहिनींनी कार्ड परत लांब धरलं आणि मोठ्याने वाचलं, एकेक शब्द, मास्तरांच्या संसारात राहून लागलेल्या सवयीने.

“काना मी दिला, पूर्णविराम. मास्तरांचे मुद्रित, ‘द्रि’ ऱ्हस्व का?”

“ऱ्हस्व.”

“बरोबर होते, पूर्णविराम.” त्यांनी कार्ड मुलीच्या हातात दिलं आणि उठल्या. “चहा घेऊन जा. आत्ताच पिशवी आलीय, दूध निरसंच आहे. तापेपर्यंत थांबायला लागेल.”

आम्ही थांबलो.